इजिप्तमधल्या स्त्रियांचं आयुष्य नेमकं कधी बदलू लागलं?

प्रश्न
सुरुवात नेहमी इजिप्तचे लेखक कासिम अमीन यांच्या स्त्रीमुक्तीवरच्या १८९९ च्या पुस्तकापासूनच सांगितली जाते. पण इजिप्तचा राज्यकर्ता मुहम्मद अली याच्या काळात (१८०५-१८४८) सैन्य, कारखाने, कालवे सगळंच उभं राहत होतं. तेव्हा बायकांच्या कामात काहीच फरक पडला नाही का?

प्रतिसाद १
पडला, आणि खूप आधी. १८३२ साली क्लोत बे या फ्रेंच डॉक्टरने हकीमांची, म्हणजे वैद्यक शिकलेल्या स्त्रियांची शाळा काढली. सैन्याला धडधाकट माणसं हवी होती. देवीत मुलं दगावत होती, गुप्तरोग पसरत होते आणि परपुरुषाला घरातल्या बायका तपासता येत नव्हत्या. कुणी मुलगी पाठवेना, म्हणून पहिल्या विद्यार्थिनी कैरोच्या गुलामांच्या बाजारातून आणलेल्या हबशी आणि सुदानी मुली होत्या. ही गोष्ट वगळून या शाळेचं कौतुक करू नये.

शिक्षण सहा वर्षांचं. आधी अरबी लिहिणं-वाचणं, मग बाळंतपण, लस टोचणं, मलमपट्टी, औषधं. पुढे लष्करी हुद्दा, पगार, आणि वैद्यकशाळेतल्या पदवीधराशी सरकारनेच लावून दिलेलं लग्न. पोलिसांच्या प्रकरणांत बायकांची तपासणीही त्याच करत. बाळंतपणाला मात्र लोक दाईलाच बोलावत. हकीमा सरकारची, आणि देवीची लस म्हणजे मुलाच्या अंगावर सैन्यभरतीची खूण, अशी धास्ती होती.

प्रतिसाद २
हकीमा मूठभर. शेतकरी बाईचं काय झालं तेही बघा. नवरा सैन्यात किंवा कालव्याच्या वेठीला गेला की शेत तिच्या गळ्यात. घरच्या सूतकताईवर सरकारी मक्तेदारी आली: कापूस सरकारचा, सुताचा भावही सरकार ठरवणार. १८२० नंतर लांब धाग्याचा कापूस पसरला, त्याची वेचणी बायका-मुलांवर.

पुढचा राज्यकर्ता सईद पाशा याच्या १८५८ च्या कायद्याने खराजी जमिनीला (मालकी सरकारची, शेतकरी सारा भरून कसायचा ती) शरियतचा वारसा लागू झाला, म्हणजे मुलीलाही हिस्सा. पण जमीन अविभक्त ठेवून कुटुंबप्रमुखाच्या नावावर राहू देण्याची सोयही त्यातच होती. हिस्सा अडकायचा तो तिथे.

प्रतिसाद ३
शाळांबद्दल थोडं. हकीमांची शाळा सोडली तर मुलींची पहिली सरकारी शाळा, सुयूफिया, १८७३ ची. खेदिव (इजिप्तच्या राज्यकर्त्याचा किताब) इस्माईलची पत्नी जशम आफत हानिम हिच्या आश्रयाने निघालेली. १८८९ पासून तिचंच नाव सनिया. पुढची वाट बंद होती: मुलींसाठी माध्यमिक शाळाच नव्हती. शिक्षिका नबविया मूसा यांनी घरी अभ्यास करून १९०७ मध्ये माध्यमिक परीक्षा दिली आणि उत्तीर्ण झाल्या.