दुर्मीळ प्राणी नेमका कुठे आहे, हे शोधनिबंधात छापावं का?

निशाचर
गेली पाच वर्षं एका दुर्मीळ सस्तन प्राण्यावर काम करतोय. त्याचं नाव सांगत नाही, कारण वाद नेमका त्यावरूनच आहे. निबंध एका जर्नलला पाठवला. परीक्षकांचे शेरे किरकोळ होते. मग संपादकांचं पत्र आलं, की मूळ विदा (डेटा) कुणालाही पाहता येईल अशा खुल्या साठ्यात ठेवल्याशिवाय छापणार नाही. मूळ विदा म्हणजे प्रत्येक कॅमेरा ट्रॅपचे (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) अक्षांश-रेखांश, दशांश चिन्हापुढे पाच अंक. पाच अंक दिले की मीटरभराच्या फरकानं झाडच दाखवून दिल्यासारखं होतं. मी नाही म्हटलं. निबंध पडून आहे.

असं म्हणणारा मी पहिला नाही. २०१७ मध्ये डेव्हिड लिंडनमायर आणि बेन शील या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी ‘सायन्स’ या जर्नलमध्ये हेच मांडलं होतं, की काही जातींचे पत्ते न छापलेलेच बरे. चीनमधल्या एका गुहेतल्या पालीचं वर्णन १९९९ साली प्रसिद्ध झालं आणि पाळीव प्राण्यांच्या बाजारासाठी गोळा करणाऱ्यांनी ती त्या जागेवरून साफ केली. दुर्मीळ म्हटलं की भाव वाढतो आणि भाव वाढला की प्राणी आणखी दुर्मीळ होतो. निबंध लिहून आपण या चक्राला हातभार का लावायचा?

शंकेखोर
असहमत. पाल सस्तन नाही, हे सोडून देतो. पण सस्तन प्राण्यांचे चोरटे शिकारी निबंध वाचून येतात, याला पुरावा काय?

साओला घ्या. व्हिएतनाम आणि लाओसच्या सीमेवरच्या डोंगरांतला हा प्राणी विज्ञानाला कळला १९९२ मध्ये, तोही शिकाऱ्यांच्या घरातल्या शिंगांवरून. कॅमेरा ट्रॅपमधला त्याचा शेवटचा फोटो २०१३ चा. त्याच्या मागावर फारसं कुणी जातच नाही. रानडुकरं आणि भेकरांसाठी लावलेल्या तारेच्या फाशांत तो आपसूक अडकतो. व्हिएतनाममधल्या दोन साओला अभयारण्यांतून वनरक्षकांनी लाखाहून जास्त फासे काढले. ते लावणाऱ्यांतल्या एकानं तरी जर्नल उघडलं असेल का? जंगल त्यांना आपल्या आधीपासून पाठ आहे. पत्ता आपणच त्यांच्याकडून घेतो आणि मग गुपित म्हणून मिरवतो.

निशाचर
फासे लावणाऱ्याचं मान्य. पण माल मागवणारा दूर बसलेला असतो, त्याला जंगल पाठ नसतं. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पातल्या एका वाघाच्या जीपीएस कॉलरची माहिती ज्या ईमेल खात्यात जात होती, त्यात शिरण्याचा प्रयत्न झाला होता. सुदैवानं तो अडवला गेला. म्हणजे अशा माहितीवर डोळा ठेवणारं कुणीतरी आहे.

शंकेखोर
अहो, हा दाखला तर माझ्या बाजूचा झाला! ती चालू माहिती होती, वाघ आत्ता कुठे बसलाय ते सांगणारी. ती कुलूपबंदच हवी, त्यावर वाद नाही. पण काम संपून निबंध छापून येईपर्यंत दोन-तीन वर्षं सहज जातात. तोवर तुमचा वाघ चार डोंगर ओलांडून गेलेला असतो.

उलटा टांगलेला
वाघ जातो हो, गुहा जात नाही.

मी वटवाघळांवर काम करतो. त्यांच्या १,४०० हून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या कित्येक विणीसाठी मोजक्याच गुहांवर अवलंबून असतात. तिथे शिकारीच यायला हवा असं नाही. शीतनिद्रेतल्या वसाहतीत चार हौशी लोक विजेऱ्या घेऊन शिरले की वटवाघळं जागी होतात, हिवाळ्यासाठी साठवलेली चरबी जाळतात, आणि वसंत उजाडेपर्यंत ती पुरत नाही. हे लोक वाईट नसतात. त्यांना फक्त फोटो हवा असतो.

‘अक्षांश-रेखांश पुसट करून द्या’ हा सल्ला नेहमी मिळतो. ०.१ अंशापर्यंत गोल केलं की साधारण ११ किलोमीटरचा चौकोन होतो. जंगल सलग असेल तर ठीक आहे. पण त्या चौकोनात चुनखडीची टेकडी एकच असेल तर? वर निबंधात गुहेच्या तोंडाचा झकास रंगीत फोटो, मागचा खडक स्पष्ट. आकडे लपवून पत्ता चित्रात द्यायचा, असा हा कारभार.

पाणवठा
मी दुसऱ्या टोकाला बसते. रस्ते, धरणं, खाणी यांच्या पर्यावरणीय अहवालांवर हरकती लिहिणं हे माझं काम. तिथे ‘या जातीची नोंद नाही’ याचा अर्थ ‘ही जात इथे नाही’ असाच लावला जातो. तुमची विदा तुमच्या संगणकात आणि माझ्यासमोर कोरा नकाशा. मी हरकत कशाच्या जोरावर घेऊ? ‘एका संशोधकाला माहीत आहे, पण तो सांगत नाही’ असं लिहू?

आणि ११ किलोमीटरचा चौकोन माझ्या उपयोगाचा नाही. रस्ता प्राण्याच्या वाटेवरून जातो की शेजारून, हे त्यातून कळत नाही. फासा एक प्राणी मारतो, बुलडोझर अधिवासच नेतो. तुम्ही सगळे पहिल्याचीच भीती घालताय.

निशाचर
पाणवठाताई, हा मुद्दा मला अडचणीत टाकतो, खरं सांगतो. पण नेमकी विदा अधिकृत यंत्रणेला गोपनीयतेच्या करारावर देता येतेच की. जगासमोर उघडी टाकायची काय गरज?

पाणवठा
अधिकारी बदलला की फाईल कपाटात जाते. करार आहे हेच पुढच्या माणसाला माहीत नसतं. छापलेली गोष्ट निदान कुणाला नाकारता येत नाही.

फुटकळ
तुम्ही सगळे छापण्याला फारच महत्त्व देताय बुवा. छापून कुठला प्राणी वाचला? चीनच्या यांगत्से नदीतल्या बायजी डॉल्फिनवर कमी लिहिलं गेलं? २००६ मध्ये सहा आठवडे नदी पालथी घातली, एकही दिसली नाही, आणि पुढच्या वर्षी तोही निबंध छापून आला. ऑस्ट्रेलियातल्या ब्रॅम्बल के बेटावरच्या मेलोमिस उंदराचा बचाव आराखडा २००८ चा. २००९ नंतर तो उंदीर कुणाला दिसलाच नाही.

आणि हे ‘खुलं’ प्रकरण नक्की कुणासाठी? ‘नेचर’ या जर्नलनं २०२० मध्ये एक निबंध सगळ्यांना फुकट वाचायला खुला करण्याचं शुल्क ९,५०० युरो जाहीर केलं. एवढ्यात किती कॅमेरा ट्रॅप आले असते, मोजा. शिवाय भाषा. २०१४ मधल्या संवर्धनविषयक ७५ हजारांहून जास्त लेखनाची पाहणी झाली, तेव्हा त्यातलं एक तृतीयांशाहून अधिक इंग्रजीत नव्हतं. ते कोण वाचतं? आणि इंग्रजीतलं तुमचं वनरक्षक वाचतो?

शंकेखोर
फुटकळ, मुद्दा भाषेपुरता मान्य, बाकी नाही. २०१५ मध्ये कझाकस्तानात दोन लाखांहून जास्त सायगा हरणं काही आठवड्यांत मेली. रॉकेटच्या विषारी इंधनापासून काय काय अफवा उठल्या! २०१८ मध्ये सविस्तर निबंध आला : त्यांच्या शरीरात एरवी निमूट राहणारा पाश्चुरेला जिवाणू, आणि नेहमीपेक्षा जास्त उष्ण, दमट हवा. तारखा, जागा, हवामानाच्या नोंदी जुळवल्या म्हणून हे कळलं. जागा लपवल्या असत्या तर आजही रॉकेटवरच भांडत बसलो असतो.

उलटा टांगलेला
माळावर लाखोंनी मरून पडलेल्या प्राण्यांचा पत्ता कोण लपवणार? उदाहरण चपखल नाही. प्रत्येक जातीला वेगळा न्याय लावावा लागेल : विक्रीला जाते का, एका जागी राहते का, आणि तिला खरा धोका फाशाचा की बुलडोझरचा.

निशाचर
हे मला पटतंय. माझ्या प्राण्याला बाजार आहे, त्यामुळे मी पाच अंक देणार नाहीच. पण पाणवठाताईंचं वाचून काल संपादकांना पुन्हा लिहिलं : निबंधात ०.१ अंश, आणि नेमकी विदा बंद साठ्यात. हरकती लिहिणाऱ्यांनी नावानिशी मागितली तर मिळेल, आणि कुणी मागितली याची नोंद राहील. उत्तर यायचंय.

पाणवठा
हरकतीला मुदत साधारण महिनाभराची असते. विदा मिळायला किती दिवस लागतील, तेही लिहून घ्या.

उलटा टांगलेला
आणि फोटोतला खडक?

निशाचर
खडक नाही, ओढ्याकाठचं एक वाकडं झाड आहे. आत्ता पाहिलं. बदलतो.