वेलिंग्टनचा कोपनहेगन

नेपोलियनच्या मरेंगो या घोड्याचा सांगाडा लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे, त्याला जोड म्हणून वॉटर्लूच्या रणांगणावर पलीकडच्या बाजूला असलेल्या घोड्याविषयी थोडे लिहितो. वॉटर्लूला नेपोलियनशी लढलेला ब्रिटिश सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन याचा घोडा कोपनहेगन १८०८ साली जन्मला. एक्लिप्स या नामांकित घोड्याच्या वंशातला असूनही तो शर्यतींत बेताचाच निघाला आणि पुढे स्पेनच्या मोहिमेत वेलिंग्टनकडे आला. वॉटर्लूच्या लढाईच्या दिवशी, १८ जून १८१५ रोजी, वेलिंग्टन पहाटेपासून रात्रीपर्यंत त्याच्याच पाठीवर होता. रात्री खाली उतरून त्याने कौतुकाने थाप मारली, तेव्हा या घोड्याने अशी काही लाथ झाडली की दिवसभर तोफगोळ्यांतून सहीसलामत सुटलेला सेनापती अगदी थोडक्यात बचावला! (तसा कोपनहेगन मुळातच तापट होता.)

१८३६ मध्ये कोपनहेगन ‘स्ट्रॅटफील्ड से’ या वेलिंग्टनच्या इंग्लंडमधील जहागिरीत मेला आणि त्याला लष्करी इतमामाने पुरण्यात आले. मात्र कुणीतरी आठवण म्हणून त्याचा एक खूर आधीच कापून नेल्याचे लक्षात येताच ड्यूक विलक्षण संतापला. सांगाडा संग्रहालयात मांडण्याची कल्पनाही त्याने मान्य केली नाही, त्यामुळे मरेंगोच्या वाट्याला आलेले प्रदर्शन याला चुकले.

वेलिंग्टनचे सगळेच घोडे इतके नशीबवान नव्हते. १८०३ साली आपल्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढताना त्याचा एक घोडा त्याच्याखालीच गोळी लागून पडला, तर डायोमेड नावाच्या दुसऱ्या घोड्याला भाल्याची जखम झाली.