अण्णांना भूकंपाची पहाट आठवते, सकाळची गोळी आठवत नाही. काय काय तपासून घ्यावं?

नमस्कार मंडळी. आमचं गाव औसा तालुक्यात, मी नोकरीमुळे लातुरात. प्रश्न वडिलांचा आहे. वय ७३, माळकरी, शुगर आहे, मेटफॉर्मिन कित्येक वर्षं चालू.

१९९३ चा किल्लारीचा भूकंप नुसता काढा, अण्णा सुरू होतात. रात्री गणपती विसर्जन झालेलं, पहाटे चारच्या आत जमीन हलली, कुणाचं माळवद कुठल्या अंगाला बसलं, सगळं. हरिपाठ तर एक ओळ इकडची तिकडे होत नाही. पण सकाळची गोळी घेतली का, हे आईला परत परत विचारतात. आई म्हणते, "सत्तरी उलटल्यावर माणूस इसरतंच की, त्यात काय!"

मीही तेच म्हटलं असतं. पण परवा मोंढ्यात सोयाबीन घातलं, आडत्यानं पट्टी हातात दिली. हमाली-तोलाई वजा जाता किती, हे ज्या माणसानं आयुष्यभर बोटांच्या पेरांवर काढलं, ते पट्टी उलटीसुलटी करत राहिले. मग म्हणाले, "चष्मा घरी राहिला." चष्मा डोळ्यांवरच होता.

गावाजवळच्या एका डॉक्टरांनी काही न विचारता 'बुद्धीच्या' कॅप्सूल लिहून दिल्या. धाकटा भाऊ बदाम आणि शब्दकोडी घेऊन मागे लागलाय. हे वयाचं आहे की आजार? आणि दाखवायचं कुणाला?

तेरणाकाठ (नर्सिंगमध्ये आहे, धाराशिव):
दादा, जुनं आठवतंय म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका. स्मृतिभ्रंशात बहुतेक वेळा आधी ताजं निसटतं, जुनं बरंच टिकतं. हरिपाठाची गोष्ट आणखी वेगळी. सवयीनं मुरलेलं आणि आज घडलेलं मेंदू एकाच पद्धतीनं सांभाळत नाही. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या रुग्णाच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी पक्क्या करणाऱ्या भागाचा, मोठा हिस्सा काढला होता. नव्या घटना त्याच्या लक्षात राहीनात, पण आरशात बघून आकृती गिरवायचं कसब सरावानं तो शिकला. आदल्या दिवशी सराव केल्याचंच त्याला आठवायचं नाही!

चष्मा कुठं ठेवला हे मीपण विसरते. रोजचा हिशेब जमेना, ओळखीच्या वाटेवर चुकलं, तेच ते विचारलं, तर तपासायलाच पाहिजे. पट्टीची गोष्ट डॉक्टरांना आधी सांगा.

पण लगेच अल्झायमरचा शिक्का मारू नका. अण्णा माळकरी, म्हणजे मांस-मासे नाहीत, वर मेटफॉर्मिन. दोन्हींमुळे बी१२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं आणि त्याचा परिणाम स्मरणशक्तीवर होतो. बी१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सोडियम, किडनी बघून घ्या. शुगर खाली जाते का तेही. ऐकू कमी येत असेल तर सांगितलेलं डोक्यात जातच नाही आणि घरचे म्हणतात विसरले. उदास राहतात का? झोपेच्या किंवा सर्दी-खाजेच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या घेतात का? यातलं बरंच काही उपचारानं सुधारतं. ते आधी शोधायचं, कॅप्सूल नंतर.

लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आधी मेडिसिनला दाखवा, ते पुढं न्यूरो किंवा मनोविकारकडं पाठवतील. ३० गुणांची एक छोटी चाचणी घेतात, शाळा किती झाली ते सांगायला विसरू नका. तोवर बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस १४४१६, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे.

परभणीकर:
माझ्या सासूबाईंचं सगळं आम्हीच बघतो. एकच सांगते, परीक्षा घेणं बंद करा. पाहुणा आला की "ओळखा बरं कोण!" हे सगळ्यात वाईट. सरळ म्हणायचं, "अण्णा, परभणीची मंदा आली." गोळ्यांना वारांच्या खणांची डबी घ्या, खण रिकामा म्हणजे घेतली, विषय संपला. चष्मा-किल्ल्यांना एकच खुंटी. एखादी गोष्ट लक्षात राहावी असं वाटत असेल तर सांगा, मिनिटभरानं विचारा, मग पाच मिनिटांनी, मग अर्ध्या तासानं. अडले की ताटकळत ठेवू नका, उत्तर देऊन टाका. बदाम खाऊ द्या हो, पण शब्दकोड्याचा जाच नको. रोज शेतात चक्कर मारू द्या, कुणीतरी सोबत.

धागाकर्ता:
मनापासून आभार. तेरणाकाठताई, तुम्ही विचारलं म्हणून आईला फोन केला. झोपेची गोळी घेतात, मेडिकलवरून आणलेली, मला पत्ताच नव्हता. आणि पोळ्याच्या सुमारास बांधावरून घसरून डोक्याला खोक पडली होती. तीही आत्ता कळतेय.

तेरणाकाठ:
मग थांबू नका, उद्याच न्या. म्हाताऱ्या माणसाला डोक्याला मार लागला की कधी कधी आत रक्त हळूहळू साचतं, ते कित्येक आठवड्यांनीही कळू शकतं. सीटी स्कॅनमध्ये दिसतं आणि त्यावर उपचार आहेत. पडले कधी आणि विसरणं वाढलं कधी, हे आईकडून नीट विचारून कागदावर लिहून न्या. डोकं फार दुखलं, गुंगी वाढली, एका बाजूचा हातपाय लुळा वाटला, तर रात्रीच निघा. झोपेची गोळी मनानं एकदम तोडू नका, पाकीट डॉक्टरांना दाखवा. आणि आईला सोबत न्या, दिवसभराचं त्यांनाच माहीत.