मदत हवी आहे: लेकीच्या हायस्कूलमधलं जेआरओटीसी बंद करायला निघालेत, बोर्डापुढे काय मांडू?

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

आम्ही अमेरिकेत असतो, लेक दहावीत आहे, तिच्या पब्लिक हायस्कूलमधे आर्मीचं जेआरओटीसी (ज्युनियर रिझर्व्ह ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर) युनिट आहे आणि ते पुढच्या शैक्षणिक वर्षापासून बंद करायचा प्रस्ताव स्कूल बोर्डापुढे आलाय. मतदान साडेतीन आठवड्यांवर. आम्हा पालकांना कळलं ते पण कसं, तर एका मुलाच्या आईने मीटिंगचा अजेंडा सहज उघडला आणि अकराव्या नंबरवर एका ओळीत होतं. शाळेकडून ना ईमेल ना फोन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे आपल्या एनसीसीचं चुलत भावंड समजा. १९१६ च्या नॅशनल डिफेन्स अ‍ॅक्टने आर्मीपुरतं सुरू झालं, १९६४ च्या कायद्याने नेव्ही, एअरफोर्स, मरीन्सची युनिट्स पण आली. फरक असा की एनसीसीची परेड शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी असायची (मी स्वतः दोन वर्षं केलीय, पॉइंट टू टू रायफल चालवलेली अजून आठवते), इथे मात्र तो रोजचा वर्ग असतो, शाळेच्या वेळातच, त्याचं क्रेडिट मिळतं, आठवड्यातून एक दिवस युनिफॉर्म. शिकवणारे आर्मीतून रिटायर झालेले. पुढे सैन्यात जायची सक्ती अजिबात नाही, हे मी आधीच लिहितेय कारण घरच्या ग्रुपवर दर वेळी पहिला प्रश्न तोच येतो, पोरीला लढाईला पाठवणार का गं.

आता आमचं सांगते. युनिफॉर्मच्या आदल्या रात्री आमच्या डायनिंग टेबलावर इस्त्री, पॉलिश आणि फूटपट्टी असते. शर्टाची कड, बेल्टचं बकल आणि पँटची चेन एका रेषेत यायला लागते, त्याला गिग लाइन म्हणतात, लेक ती सकाळी आरशात तीन तीनदा बघते. ह्या नीटनेटकेपणाचं मला फार कौतुक नाही, कारण तिची खोली अजून उकिरडाच आहे. पण ह्या वर्षी तिला स्क्वॉड लीडर केलं आणि एक दिवस दप्तरात एक छोटी वही सापडली, त्यात तिच्या आठ मुलांची नावं, कोणाची बस किती वाजता, कोणाच्या बुटाचा नंबर काय, कोण कुठल्या विषयात अडकलाय. एका मुलाच्या नावापुढे नुसतं "५:५०" लिहिलेलं. विचारलं तर म्हणाली त्याच्या घरी सकाळी उठवायला कोणी नसतं, मी फोन करते. चार महिने करत होती, मला पत्ता नाही.

तर अडचण आकड्याची आहे. दोन वर्षांपूर्वी युनिटमधे १३१ मुलं होती, आता ८८. कायद्यात वर्षानुवर्षं हिशोब असा चालत आलाय की किमान १०० मुलं किंवा शाळेच्या पटाच्या १० टक्के, यातलं जे कमी ते. आमच्या शाळेचा पट साधारण १४०० म्हणजे १०० लागतात. स्कूल डिस्ट्रिक्टचं (इथल्या पब्लिक शाळा चालवणारी संस्था) म्हणणं की मुलांना आता यात इंटरेस्ट उरला नाही आणि दोन इन्स्ट्रक्टरांचे पगार परवडत नाहीत. पण हे अर्धंच खरं आहे, दोन वर्षांपूर्वी यांनीच जेआरओटीसीला पीईचं (शारीरिक शिक्षणाचं) क्रेडिट द्यायचं थांबवलं, म्हणजे मुलाने हे घेतलं तरी पीई वेगळं घ्यायचंच, एवढे पिरियड आणायचे कुठून, आणि गेल्या वर्षी वरच्या वर्गांचा पिरियड नेमका एपी केमिस्ट्रीच्या (कॉलेजच्या पातळीचा विषय) वेळेला टाकला, मग काय काही मुलं तिकडे गेली.

आम्ही फक्त सहा पालक आहोत, कोणालाच असल्या गोष्टींचा अनुभव नाही. ऑनलाइन पिटिशन काढलंय, सह्या बऱ्या आल्यात पण त्यातल्या निम्म्या नातेवाइकांच्या, माझ्या आत्याने तर बोरिवलीहून केलीय. बोर्डापुढे नेमकं काय मांडावं? पैशाचं बोलावं की मुलांचं? इथे कोणी यातून गेलंय का?

— शिळोप्याची

—————

डॅलसकर: ताई, आधी पैशाचं बोला, भावनेचं नंतर. इन्स्ट्रक्टरचा पगार डिस्ट्रिक्ट देतं हे खरं पण ठरलेल्या किमान पगाराचा अर्धा वाटा आर्मी डिस्ट्रिक्टला परत करते. युनिफॉर्म, पुस्तकं, ड्रिलचं सामान हे पण आर्मीकडून येतं आणि युनिट बंद झालं की ते सगळं परत जातं. त्यामुळे अजेंड्यावर "इतकी बचत" असं लिहिलं असेल तर तो आकडा आर्मीचा वाटा वजा करून काढलाय की नाही ते लेखी विचारा. आणि ती ८८ मुलं त्या पिरियडला कुठेतरी बसणारच ना, तिथे शिक्षक लागतोच, तो फुकट येत नाही. ह्याचं उत्तर त्यांच्याकडे बहुतेक नसतं.

पीईचं म्हणाल तर आमच्या टेक्सासमधे जेआरओटीसी पीईच्या जागी चालतं. तुमच्याकडे राज्याचा नियम आड येतोय की फक्त डिस्ट्रिक्टने ठरवलंय हे शोधा. राज्याचा असेल तर बोर्डाशी भांडून उपयोग नाही. डिस्ट्रिक्टचा असेल तर तो बोर्ड एका मतदानात फिरवू शकतं.

उलट_सुलट: राग येईल पण लिहितो. मला हा प्रोग्रॅम पब्लिक शाळेत असावा असं वाटत नाही. चौदा वर्षांच्या मुलांना रँक आणि मेडलं देऊन सैन्याची गोडी लावायची आणि वर म्हणायचं की हे नागरिकशास्त्र आहे. गरीब वस्तीतल्या शाळांमधेच ही युनिट्स जास्त का दिसतात? शिकागोमधे तर नववीच्या मुलांना न विचारता यात टाकल्याच्या बातम्या आल्या होत्या. तुमच्या लेकीने सकाळी फोन करून मित्राला उठवलं हे छानच, पण त्याला युनिफॉर्म कशाला लागतो?

शिळोप्याची: राग नाही आला, खरंच. न विचारता टाकणं चूकच, आमच्याकडे तसं नाही, उलट ज्यांना हवंय त्यांच्या वेळापत्रकात ते बसत नाही. युनिफॉर्म कशाला लागतो याचं उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच दिसतं की बँड, फुटबॉल, रोबोटिक्स ह्यात निवड होऊन मुलं घेतात आणि ही वही ज्या आठ जणांची आहे त्यातला एकही कुठेच निवडला गेला नव्हता. इथे ट्रायआउट नसते.

धुक्यातली_मावशी: अगं सॅन फ्रान्सिस्कोचं वाच, तुझ्या कामाचं आहे. २००६ मधे तिथल्या बोर्डाने शहरातल्या सगळ्या शाळांतून जेआरओटीसी टप्प्याटप्प्याने बंद करायचा ठराव केला होता. कारण बजेटचं नव्हतं, तर सैन्यात तेव्हा समलिंगी लोकांबद्दल जे धोरण होतं ते आणि शाळेत सैन्यभरती नको हा मुद्दा. कॅडेट मुलंच उभी राहिली, मीटिंगांना शेकड्याने यायची. मग २००८ च्या नोव्हेंबरमधे मतपत्रिकेवर प्रपोझिशन व्ही, म्हणजे जेआरओटीसी ठेवा असा प्रस्ताव आला, तो बोर्डावर बंधनकारक नव्हता तरी शहराने बहुमताने पास केला, सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहराने, विचार कर. शेवटी २००९ च्या मे महिन्यात बोर्डाने स्वतःचाच ठराव फिरवला.

पण त्यात एक मेख आहे. मधल्या काळात, २००८ मधे, बोर्डाने पीईचं क्रेडिट काढून घेतलं आणि मुलं भराभर कमी झाली. म्हणजे तुमच्याकडे जे झालंय तेच. बंद कर म्हणायची गरजच पडत नाही, क्रेडिट काढलं की आपोआप आटतं.

आणि एक, बोर्डासमोर "सैन्याशी काही संबंध नाही" असं म्हणायच्या फंदात पडू नकोस. तीन वर्षं केलेल्या मुलाला सैन्यात गेल्यास सुरुवातीलाच वरची पे ग्रेड मिळते. समोरचं कोणीतरी ते बोलणारच, तूच आधी बोलून टाक.

माजी_काउन्सिलर: मी इथल्या हायस्कूलमधे अकरा वर्षं काउन्सिलर (मुलांना विषय निवडायला मदत करणारी) होते, हल्लीच सोडलं. वर सगळे बोर्डाबद्दल बोलतायत, मी तळाचं सांगते. पुढच्या वर्षीचं वेळापत्रक आत्ता बनत असतं आणि आठवीच्या मुलांचे विषय निवडायचे फॉर्म त्याहून आधी भरून होतात. मुलं कमी झाली तर पहिला प्रश्न हा की नववीत येणाऱ्यांना हा विषय आहे हे कळलं होतं का. मिडल स्कूलला कोणी गेलं होतं का, कलर गार्ड (झेंडा घेऊन चालणारी कॅडेटांची तुकडी) दाखवला होता का. "इंटरेस्ट नाही" आणि "माहीतच नाही" यात फार फरक आहे आणि कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.

पाच वर्षांचे आकडे मागा, इयत्तेप्रमाणे वेगळे. पब्लिक रेकॉर्ड्सचा अर्ज कोणीही करू शकतं, वकील लागत नाही. वरच्या इयत्ता टिकून असतील आणि फक्त नववी कोसळली असेल तर गळती दारातच आहे. आर्मीशी झालेला करार पण मागा, त्यात किमान आकडा काय लिहिलाय ते बघा. आकडा खाली गेला की आर्मी सहसा लगेच बंद करत नाही, आधी प्रोबेशनवर ठेवते. म्हणजे घाई कोणाला आहे, आर्मीला की डिस्ट्रिक्टला, हा प्रश्न बोर्डापुढे जाऊ द्या. एकदा युनिट सोडलं की परत मिळणं अवघड, दुसऱ्या शाळा रांगेत असतात.

इन्स्ट्रक्टरांना ह्यात ओढू नका, ते डिस्ट्रिक्टचे नोकर आहेत, त्यांची अडचण होते. मुलांनी युनिफॉर्ममधे यायचं की नाही एवढं मात्र त्यांनाच विचारा, त्याचे नियम असतात. गावातल्या अमेरिकन लीजन आणि व्हीएफडब्ल्यू ह्या माजी सैनिकांच्या संघटनांच्या लोकांना फोन करा, व्हेटरन्स डेला त्यांना कलर गार्ड लागतो, ते मीटिंगला येतात आणि वेळेवर येतात.

डॅलसकर: +१. शिवाय नॅशनल डिफेन्स कॅडेट कोअर म्हणून एक प्रकार आहे, अभ्यासक्रम तसाच पण सगळा खर्च शाळेचा. कोणी तो मधला मार्ग म्हणून सुचवला तर लगेच हो म्हणू नका. पैसे नाहीत म्हणणाऱ्यांनी आर्मीचा वाटा सोडून पूर्ण खर्च उचलायचा, म्हणजे दोन वर्षांत परत हाच धागा काढाल.

शिळोप्याची: सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, आठवडा त्या कागदांच्या मागेच गेला.

माजी_काउन्सिलर ताई, तुमच्या पाया पडायला हवं. इयत्तेप्रमाणे आकडे मिळाले. दहावी ते बारावी थोडे घटलेत, पिरियडच्या गोंधळामुळे असणार, पण नववी ४६ वरून १७ वर आलीय. मग मी आठवीचा विषय निवडीचा फॉर्म शोधला, शेजारच्यांचा मुलगा आठवीत आहे त्याच्याकडून. दोन पानं, ऐच्छिक विषयांचे बावीस चौकोन. सिरॅमिक्स आहे, गिटार आहे, इयरबुक आहे, जेआरओटीसी नाही. चौकोनच नाही! दोन वर्षांपूर्वीचा फॉर्म लेकीच्या जुन्या फायलीत सापडला, त्यात पीईच्या रकान्यात "किंवा जेआरओटीसी" असं होतं. क्रेडिट काढलं तेव्हा तो रकाना बदलला आणि ही ओळ दुसरीकडे कुठे टाकायचं राहून गेलं. मुद्दाम केलं असं मला वाटत नाही, कोणीतरी कॉपी पेस्ट करताना गाळली असणार. पण मग ती १७ मुलं आली कशी? लेकीला विचारलं तर म्हणाली त्यातली बरीचशी कोणाची ना कोणाची धाकटी भावंडं आहेत.

दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवून एकाच पानावर छापलेत, बोर्डाच्या सातही जणांसाठी एकेक प्रत. बचतीचा आकडा आर्मीचा वाटा धरून आहे का हे लेखी विचारलंय, उत्तर नाही. व्हीएफडब्ल्यूचे चार आजोबा येतायत, त्यातल्या एकांनी मला फोनवर बजावलंय की वेळ संपली की माइक बंद करतात, त्यामुळे मुद्दा आधी आणि नमस्कार नंतर.

मीटिंग मंगळवारी संध्याकाळी, बोलणाऱ्यांच्या यादीत माझा नंबर सातवा, वेळ तीन मिनिटं. वाचून बघितलं तर पाच मिनिटं वीस सेकंद होतायत. लेक म्हणते वहीचा भाग काढ, तो तिचा आहे, तिने कोणाला सांगायला लिहिला नव्हता, आणि त्या मुलाला ओळखणारे तिथे असतील. बरोबर आहे तिचं, काढते. तरी चार मिनिटं राहतात. कोणाला वेळ असेल तर मसुदा व्यनि (खाजगी निरोप) करते, निर्दयपणे कापून द्या, सोमवारपर्यंत.