शब्दचर्चा: अंगठी ‘अट्यून’ होते म्हणजे नक्की काय होते?

सोंगटी:
गेले वर्षभर रविवारी दुपारी मी भाचरांना ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळवतो, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घेऊन फासे टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ. मराठीतून, म्हणजे क्रियापदं मराठी आणि नामं झाडून सगळी इंग्रजी. ‘रोल कर’ (फासा टाक), ‘सेव्ह दे’ (बचावाचा फासा टाक), ‘एसी किती तुझा?’ (बचावाचा आकडा) चालून जात होतं. परवा अडलं.

भाच्याला एका थडग्यात ‘रिंग ऑफ प्रोटेक्शन’ सापडली. त्याच्याकडे आधीच तीन वस्तू अट्यून केलेल्या (काही जादूच्या वस्तू आधी आपल्याशी बांधून घ्याव्या लागतात, ते अट्यून करणं), आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून एका पात्राला तीनच्या वर मुभा नाही. मी म्हटलं, “बोटात घाल हवी तर, पण अट्यून होणार नाही.”
“म्हणजे काय होणार नाही, मामा?”
“म्हणजे… तिचा गुण येणार नाही.”
“का?”
मला काही सुचेना. तेवढ्यात पलीकडे वाटाणे सोलत बसलेली आई म्हणाली, “अरे, लाभत नसेल त्याला. काढून ठेव म्हणावं.” तिला वाटलं खऱ्याच अंगठीचं चाललंय.

तेव्हापासून डोक्यात ‘लाभणे’ बसलंय. नीलम लाभतो का, हे बघायला लोक तो रात्री उशीखाली ठेवतात. खेळातही वस्तू जवळ घेऊन तासभर शांत बसावं लागतं, मगच ती आपली होते. १०० फुटांहून लांब सलग २४ तास राहिली की संबंध सुटतो. दुसऱ्या कुणी आपलीशी केली तरी सुटतो. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ही भानगड नव्हती. तिथे अंगावरच्या जागा मोजायचे, अंगठ्या दोन्ही हातांत मिळून दोनच. तेव्हा ‘घालणे’ या क्रियापदात भागत होतं.

दुसरा प्रश्न भाचीचा. मी एक नियम सांगितला की ती विचारते, “हा पुस्तकातला की तुझा?” पुस्तकात काही नियम ‘ऑप्शनल’ म्हणून दिलेत, काही ‘व्हेरियंट’ म्हणून, आणि काही खरोखरच माझे. या तिन्हींना मी आजवर ‘पर्यायी नियम’ म्हणत आलो. बरोबर आहे का?

आळशी अजगर:
+१. (प्रतिसादाला. खेळातल्या ‘+१’ जादूच्या तलवारीला नव्हे.)

मोडीवाचक:
‘लाभणे’ सुंदर आहे, पण नियमात बसवायला गेलात की पंचाईत होईल. ‘मला अंगठी लाभली’ याचा पहिला अर्थ ‘मिळाली’. ‘थोर गुरू लाभले’, ‘दीर्घायुष्य लाभो’. थडग्यातून काढल्या क्षणी ती लाभलीच की! तासाभरानं परत लाभली? वर्तमानकाळात आणि नकारात हा शब्द आईंच्या अर्थानं येतो: ‘लाभते’, ‘लाभत नाही’. भूतकाळात गेला की घोटाळा.

त्याच्या शेजारचा शब्द ‘मानवणे’. हवा मानवते, पाणी मानवत नाही. अर्थ नेमका आहे, पण मानवायला आपण काही करत नाही, ते आपोआप होतं किंवा होत नाही. खेळात मात्र तुम्ही बसता, लक्ष लावता, वेळ घालवता. कर्ता तुम्ही आहात.

म्हणून मी मूळ इंग्रजी शब्दाच्या पोटात शिरेन. तिथे ‘सूर’ आहे. आपल्याकडे तंबोरा ‘लावतात’ किंवा ‘जुळवतात’. मैफिलीआधी कान लावून तारा पिळत बसणं म्हणजे हुबेहूब तो तासाभराचा विसावा. ‘लावणे’ला आधीच फार कामं आहेत (दिवा, रोप, मलम, वाट), तेव्हा ‘जुळवणे’. ‘अंगठी जुळवली’, ‘तीनच वस्तू जुळवता येतात’, ‘न जुळलेली काठी’. ‘समस्वरण’ किंवा ‘अनुनादन’ असलं काही कृपया कुणी सुचवू नका. शासकीय परिभाषेत शोभेल, पण राक्षस अंगावर येत असताना कोण म्हणणार?

एडिसनवाली:
मोडीवाचककाका, मी ‘समस्वरण’ टाइप करून पुसलं आत्ता.

‘जुळव’ला माझं मत. माझी मुलगी इथे न्यू जर्सीत मराठी शाळेतल्या दोन मैत्रिणींबरोबर खेळते. त्यांच्या तोंडात बसायचा तर शब्द फार तर तीन अक्षरी हवा, आज्ञार्थी चालायला हवा आणि जोडाक्षर नको. ‘जुळव’ तिन्हीत पास.

मला वेगळंच खुपतं. वस्तूंच्या दुर्मीळपणाच्या पायऱ्या आहेत ना, त्यातल्या दुसरीला लोक ‘असामान्य’ म्हणतात. इंग्रजी ‘अनकॉमन’चा ‘अन’ काढून ‘अ’ लावला की झालं! पण मराठीत असामान्य म्हणजे अलौकिक. ‘असामान्य प्रतिभा’ आपण कुणाला म्हणतो? मुलीनं विचारलं, “२०१४ च्या पुस्तकात असामान्य वस्तू १०१ ते ५०० सोन्याच्या नाण्यांत येते आणि दुर्मीळ ५०१ ते ५,००० ला? असामान्य स्वस्त कशी?” बरोबर विचारलं. तिथे ‘विरळ’ हवा: सामान्य, विरळ, दुर्मीळ, अतिदुर्मीळ. त्याच्या वरच्या, ५०,००० च्या पुढच्या ‘लेजंडरी’ पायरीला ‘दंतकथेतली’ म्हणवत नाही मला. आपल्याकडे दंतकथा म्हणजे बहुतेक वेळा खोटी.

मोडीवाचक:
‘नामांकित’ म्हणा. तलवारी खूप असतात, ‘भवानी’ एक असते.

रविवारचा डाव:
नियमांबद्दल बोलतो, तो माझा प्रांत. तिन्हींना एकच शब्द वापरून तुम्ही भाचीवर अन्याय करताय, सोंगटीभाऊ.

शाळेत ‘ऐच्छिक विषय’ असतो: घेतलात तर घेतलात, नाही घेतलात तरी बाकीचं वेळापत्रक चालतं. ‘पर्याय’ म्हणजे याच्या जागी ते. २०१४ च्या पुस्तकात शत्रूच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना दोघं उभे राहिले की मारा सोपा होतो, हा नियम ऐच्छिक आहे. नाही घेतला तरी लढाई होतेच. (त्याला ‘कैची’ म्हणा. कैचीत सापडला की संपला.) पण विश्रांतीचा तो कडक नियम, ज्यात छोटा विसावा तासाऐवजी ८ तासांचा आणि मोठा ८ तासांऐवजी ७ दिवसांचा होतो, तो मूळ नियम उठवून त्याच्या जागी बसतो. तो पर्यायी. दोन्ही विसावे एकदम चालवता येत नाहीत.

मेंढीकोट खेळणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. बसतानाच विचारतात, “बंद हुकूम की कट हुकूम?” एकात हुकमाचं पान उपडं ठेवतात, दुसऱ्यात ज्याच्याकडे उतारीचं पान नाही तो जे टाकेल तो हुकूम. दोन्ही रीतसर, पण एका डावात एकच. हा पर्यायी नियम.

तिसरा प्रकार घरचा. ‘आमच्याकडे एक टप्पा आउट’ हे कुठल्या पुस्तकात नाही, तरी दुसऱ्या गल्लीतला पोरगा आला की त्याला आधी हेच सांगतात. आणि कच्चा लिंबू? धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचं पण बाद करायचं नाही, एवढा मोठा नियम दोन शब्दांत! सहा वर्षांची भाची टेबलाशी आली तर तिचं पात्र मरत नाही, एवढंच तुम्हाला म्हणायचं असतं. ‘कच्चा लिंबू’ म्हणा, सगळ्यांना कळेल.

घरचे नियम पुस्तकात जातातही. जखम भरून काढणारं औषध प्यायला २०१४ च्या नियमांत पाळीतली मुख्य कृती खर्ची पडायची. कित्येक टेबलांवर लोक म्हणाले, एक घोट तर घ्यायचाय, घे की मारता मारता. २०२४ च्या सुधारित पुस्तकात ते अधिकृत झालं. बोलीतला शब्द कोशात गेल्यासारखं.

आळशी अजगर:
रविवारचा डाव यांचा प्रतिसाद कापून फ्रिजवर लावतोय.

माझी अडचण कांडीची. ‘वाँड ऑफ मॅजिक मिसाइल्स’ या जादूच्या कांडीत ७ ‘चार्जेस’, म्हणजे साठवलेल्या जादूचे वाटे, असतात. विज्ञानाच्या पुस्तकातला ‘प्रभार’ वापरला तर पोरं म्हणाली, धन की ऋण?

मोडीवाचक:
‘बार’. बंदुकीत बार भरतात, बार उडतो, कधी फुसका निघतो. सहाबारी पिस्तूल असतं तशी सातबारी कांडी. रोज पहाटे एक सहापैलू फासा टाकून येईल त्यात एक मिळवायचा, तेवढे बार पुन्हा भरतात. आणि शेवटचा बार उडवलात तर वीसपैलू फासा टाकायचा. एक पडला की कांडीची राख.

तसंच, ‘जादुई वस्तू’ ऐवजी ‘मंतरलेली’ म्हणून पाहा. जादुई म्हटलं की जादूगाराच्या टोपीतला ससा आठवतो. मंतरलेली म्हटलं की कुणीतरी बसून ते केलंय, हे आपसूक येतं. ‘भारलेली’ही चालेल, पण अलीकडे माणसं भाषणांनीच भारली जातात.

शापाचं मात्र जपून. आपल्या शापाला तोंड असतं, कुणीतरी कुणालातरी तो देतो, आणि गयावया केली की तोच उःशाप देतो. खेळातला शाप उतरवणारा मंत्र कुणीही तिऱ्हाईत टाकतो. त्याला उःशाप म्हणणं चूक. तो ‘उतारा’.

आळशी अजगर:
सातबारी कांडी आणि वर उतारा. आता हे घेऊन तलाठ्याकडे जायचं का?

एडिसनवाली:
हसून चहा सांडला.

उताऱ्यावरून आठवलं. २०१४ च्या पुस्तकात वस्तू ओळखायच्या मंत्राला १०० सोन्याच्या नाण्यांचा मोती आणि घुबडाचं पीस लागायचं. माझ्या सासूबाई शेजारी बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, “घुबडाचं पीस घरात आणल्यावर वस्तू शापितच निघणार.” तिकडे घुबड शहाणं, इकडे अभद्र. गंमत म्हणजे २०१४ च्या पुस्तकाप्रमाणे त्या मंत्रातून शाप कळतच नाही. म्हणजे सासूबाईंचंच खरं.

आणि तो दोन वीसपैलू फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा नियम आहे ना, सोंगट्यांच्या भाषेत फाशावर पडतं ते ‘दान’. वरचं दान घ्यायचं, म्हणजे ‘वरदान’. कैचीत धरला की वरदान मिळतं!

मोडीवाचक:
व्युत्पत्ती म्हणून शून्य गुण, शब्द म्हणून पैकीच्या पैकी.

दुपारचा चहा:
उशिरा आलो. ‘बॅग ऑफ होल्डिंग’ला (बाहेरून लहान, आतून मोठी अशी जादूची पिशवी) कुणीतरी ‘अक्षय थैली’ केलेलं वाचलंय, ते काही पटलं नाही. द्रौपदीच्या अक्षयपात्रातून अन्न संपत नाही. या पिशवीतून काहीच निर्माण होत नाही, फक्त मावतं. त्यालाही माप आहे: ६४ घनफूट, ५०० पौंड. पिशवीचं स्वतःचं वजन मात्र २०१४ च्या पुस्तकात कायम १५ पौंड. जास्त कोंबलं किंवा फाटली तर आतलं सगळं भलत्याच लोकात विखुरतं. आत जिवंत माणूस लपवला तर हवा दहा मिनिटांची, दोघं असले तर पाच-पाच. मी ‘मावती पोतडी’ म्हणतो. पोतडीतून काय निघेल याचा नेम नसतो, हे मराठी माणसाला आधीच ठाऊक आहे.

सोंगटी:
सगळ्यांचे आभार. काल प्रयोग करून पाहिला.

कच्चा लिंबू, कैची आणि पोतडी पहिल्या पाच मिनिटांत रुळले. ‘ऐच्छिक’ म्हटल्यावर भाची म्हणाली, “म्हणजे शाळेत संस्कृत घ्यायचं की नाही, तसं?” मग कैची घ्यायची का, यावर मतदान घेतलं. दोन विरुद्ध एक, घेतली. ‘विरळ’ला मुलं अडखळली, केस विरळ झाल्यासारखं वाटतं म्हणे (इथे माझ्याकडे बघितलं गेलं). ‘वरदान’ तर इतकं मागत सुटले की शेवटी मला हात आखडावा लागला.

आणि अंगठी. भाच्यानं ‘जुळवतो’ म्हटलं, पण जागा करायला आधीच्या तिघांतली एक सोडायला हवी होती. त्यानं अंगरखा सोडायचं ठरवलं. आपणहून सोडायचं तरी पुन्हा तासभर बसावंच लागतं. याला काय म्हणायचं ते आपण इथे बोललोच नव्हतो. मी ‘जुळणी तोडणे’, ‘मोकळी करणे’ असं काहीतरी चाचपडत होतो.

“काडीमोड,” भाची म्हणाली.

हाच शब्द राहिला. भाच्यानं वहीत लिहिलं: अंगरख्याशी काडीमोड, अंगठी जुळवली. मग त्यानं विचारलं, वस्तू शापित निघाली तर? पुस्तकात उत्तर आहे: आपणहून सुटका नाही. भाचीनं वहीत खाली लिहून टाकलं, “शापित असेल तर काडीमोड मिळत नाही, उतारा आणावा.”

आई म्हणाली, “हे कुठलं पुस्तक वाचताय रे तुम्ही?”