सूत मोडीत काढायचं का?

वाळूजचा फॅब्रिकेटर:
परवा एका घरी गेट बसवायला गेलो. मालकानं सांगितलं तीन फूट पाच इंच, पोरानं वहीत लिहिलं ३.५ अन् कापलं साडेतीन फूट. एक इंच जास्त, पिलरमध्ये जाईचना. कापणं, वेल्डिंग, रंग, सगळं पदरचं. आता दुकानात माप फक्त मिमीत. तेच माप १०४१ म्हणजे १०४१, दुसरा अर्थच निघत नाही. मेट्रिकचा कायदा १९५६ चा, अन् आपण अजून सुतात, इंचाच्या आठव्या भागात, गुंतलोय.

लातूरचा सुतार:
चूक वहीची, खापर सुतावर कामून? इंचाचे आठ सूत, निम्मे चार, पाव दोन. चौकटीचा मध्य काढायला दोरी दुमडली की झालं. साठीच्या मिस्त्रीला "साडेतेरा इंच एक सूत" म्हणा, पेन्सिल चालू. "३४६ मिमी" म्हणा, आधी चष्मा शोधतो. आणि प्लाय तुम्हीही आठ बाय चारचाच मागता ना भाऊ? जाडी तेवढी १८ मिमी.

जालन्याचा गजवाला:
लोखंडी गजाचं ऐका. गिऱ्हाईक "चार सुती" मागतं, हातात पडतो १२ मिमी. चार सूत म्हणजे १२.७. व्यासाचा वर्ग भागिले १६२ केलं की मीटरचं वजन किलोत निघतं: १२.७ ला ०.९९६, १२ ला ०.८८९. तीन सुतीला उलट, साडेनऊऐवजी १० मिळतो, तेव्हा कुणी तक्रार करत नाही. ड्रॉइंगवर १२ असेल तर वादच नाही. पण मालक जुन्या घराचा गज आणून शेजारी धरतो, "बारीक दिला" म्हणतो.

लातूरचा सुतार:
गजाचं मान्य. लाकडाचं नाही.

चिकलठाण्याचा टर्नर:
टेपवर काय भांडता, खरा ताप नट-बोल्टच्या आट्यांचा. अर्धा इंची विटवर्थला, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची आट्याला, इंचात १२ आटे, म्हणजे पिच (दोन आट्यांमधलं अंतर) २.१२ मिमीच्या जवळ. एम१२, म्हणजे १२ मिमीचा मेट्रिक आटा, त्याचा पिच १.७५. एम१२ चा बोल्ट अर्धा इंची नटात सुरुवातीला जातो, मग अडकतो. नवा पोरगा पाना लावून जोर करतो अन् आटे मारून ठेवतो. इंची लीडस्क्रूच्या (आटे पाडताना हत्यार पुढे सरकवणारा लांब स्क्रू) लेथवर अचूक मेट्रिक आटे पाडायचे तर १२७ दात्यांचा गिअर लागतो, इंच २५.४ मिमी, त्याची पाचपट १२७. आमच्या उस्तादांनी तो फडक्यात गुंडाळून कपाटात कुलपात ठेवलेला.

वाळूजचा फॅब्रिकेटर:
आहे का अजून? माझ्याकडे एक जुना इंची लेथ पडून आहे.

चिकलठाण्याचा टर्नर:
आहे. देणार नाही. काम घेऊन या, अन् पिच मिमीत सांगा.