प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा: संसदीय समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक हवी का?

कपातसूचना

शिक्षण खात्याच्या संसदीय स्थायी समितीत ३१ खासदार असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत ही मंडळी उच्च शिक्षण विभागाच्या अनुदान मागण्या तपासतात. रक्कम काही लहान नाही, २०२५-२६ साठी साधारण ५०,०७८ कोटी. केंद्रीय विद्यापीठांतली अध्यापकांची मंजूर पदं अठरा-एकोणीस हजार. त्यातला चौथा ते तिसरा हिस्सा वर्षानुवर्षं रिकामा आहे. समिती लिहिते, पदं भरा. मंत्रालय कळवतं की पदं रिकामी होणं आणि भरणं ही अखंड चालणारी प्रक्रिया आहे, शिवाय विद्यापीठं स्वायत्त आहेत. पुढच्या वर्षी तोच प्रश्न, तेच उत्तर, फक्त साल बदललेलं.

आता गंमत बघा. २०१८ आणि २०२३ साली लोकसभेने सगळ्याच खात्यांच्या मागण्या चर्चेविना, गिलोटिन लावून, म्हणजे सगळ्या एकदम मताला टाकून, मंजूर केल्या. २०२३ चा अर्थसंकल्प ४५ लाख कोटींचा होता आणि काम काही मिनिटांत उरकलं. म्हणजे समितीने महिनाभर कागद चाळायचे आणि सभागृहाने ते न उघडताच पैसे द्यायचे. मग समिती हवी कशाला?

माझं म्हणणं एवढंच. पदभरतीची शिफारस सरकारला मान्य नसेल, तर मंत्र्यांनी सभागृहात येऊन विद्यापीठागणिक कारण सांगावं आणि त्यावर मतदान व्हावं. ते होईपर्यंत त्या खात्याच्या मागण्यांना गिलोटिन लावू नये.

धोंडोपंत_नगरकर

शिफारस बंधनकारक झाली की जबाबदारी कोणाची? उद्या एखाद्या विद्यापीठात भलतीसलती भरती झाली तर मंत्री म्हणणार, समितीनेच सांगितलं होतं. समितीने विचारावं, सरकारने करावं आणि जाब सरकारने द्यावा. या तीन गोष्टींची सरमिसळ केली की कोणीच सापडत नाही.

आणि घाईचे परिणाम आपण पाहिलेत. सप्टेंबर २०२१ मध्ये शिक्षणमंत्र्यांनी केंद्रीय विद्यापीठांना सांगितलं, सहा हजारांवर पदं ऑक्टोबरपर्यंत भरा, मिशन मोड. ती मुदत पाळली जाणं शक्यच नव्हतं. पुढे दिल्ली विद्यापीठात मुलाखतींचा सपाटा सुरू झाला, तेव्हा वर्षानुवर्षं चार-चार महिन्यांच्या अ‍ॅडहॉक नेमणुकीवर शिकवणाऱ्या कितीतरी जणांना घरी जावं लागलं. दहा-बारा वर्षं वर्ग सांभाळलेला माणूस काही मिनिटांच्या मुलाखतीत नापास. आकडा मात्र सुधारला. तुम्हाला हेच हवं आहे का?

नेटसेटवाला

तुमच्या चर्चेत मी बसतच नाही. मी महाराष्ट्रातल्या अनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर आहे. सीएचबी म्हणा. दिल्लीतल्या समितीला मी दिसतो का?

हिशेब मांडतो. २०२३ पासून पदवीच्या वर्गाला तासाचे ९०० रुपये. आठवड्याला नऊ तास मिळाले तर महिन्याचे ३२,४००. तेही तास झाले तर. दिवाळीची सुट्टी, परीक्षा, गॅदरिंग, निवडणुकीला महाविद्यालयाची इमारत गेली, सगळे शून्य. नेमणूक उशिरा निघते आणि मार्च-एप्रिलला संपते. आधी विद्यापीठाची मान्यता, मग बिल, मग बिलावर त्रुटी, मग त्रुटीची पूर्तता. जुलैत शिकवलेल्या तासाचे पैसे संक्रांतीपर्यंत आले तर नशीब. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१९ सालीच अतिथी अध्यापकाला तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५० हजार असं ठरवून दिलंय. ते कागदावर.

महाविद्यालयाला श्रेणी देणाऱ्या नॅकची भेट असली की आम्ही 'फॅकल्टी'. बाकी वर्षभर 'ते सीएचबीचे सर'.

कपातसूचना

@धोंडोपंत, दिल्ली विद्यापीठात जे झालं ते संसदेने विचारल्यामुळे नाही, बारा वर्षं कोणी नीट न विचारल्यामुळे झालं. जागा वेळच्या वेळी भरल्या असत्या तर अ‍ॅडहॉकांची फौज उभी राहिलीच नसती.

@नेटसेटवाला, तुमचा मुद्दा याच्याशी जोडलेला आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत कंत्राटी अध्यापक एकूण पदांच्या १० टक्क्यांहून जास्त नसावेत अशी मर्यादा होती. जानेवारी २०२५ च्या मसुद्यात ती गाळली. कुलगुरू निवडीवरून राज्यांनी केवढा गदारोळ केला, पण या गाळलेल्या ओळीवर किती जण बोलले? अशा ठिकाणी समितीच्या शब्दाला वजन हवं.

मराठवाडी_माणूस

वजन घेऊन काय करणार? उच्च शिक्षण ७६ च्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेलं खरं, पण अनुदानित महाविद्यालयाचा पगार राज्याच्या तिजोरीतून निघतो. आमच्याकडचा घोळ मुंबईच्या मंत्रालयात आहे, संसदेत नाही. २०१७ ला भरतीबंदी. २०१८ ला ३,५८० पदांना परवानगी. त्यातली १,४९२ भरली, तेवढ्यात करोना. उरलेल्या २,०८८ ना पुन्हा २०२१ साली मान्यता. मग बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणाची पदवार यादी, तपासून घ्या, ना हरकत आणा, जाहिरात द्या. आणि त्यानंतर संस्थाचालकांचा 'भाव' किती, ते मी इथे लिहीत नाही. नेट-सेट झालेल्या प्रत्येकाला पाठ आहे.

पदवीधर_मतदार

विधान परिषदेत शिक्षकांचे ७ आणि पदवीधरांचे ७ आमदार आहेत. देशातल्या बहुतेक राज्यांत परिषदच नाही. आपल्याकडे आहे. ते १४ जण काय करतात?

मराठवाडी_माणूस

लक्षवेधी मांडतात. मंत्री 'सकारात्मक' असतात.

ताळेबंद

राज्य भरती का टाळतं, यावर कोणी बोलत नाहीये. वेतनश्रेणी ठरवतं केंद्र. सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी वाढीव खर्चाचा ८० टक्के वाटा केंद्राने उचलायचा होता, तोही मार्च २०१० पर्यंतच आणि तोही राज्याने आधी खर्च केल्यावर. सातव्याच्या वेळी तो वाटा ५० टक्क्यांवर आला, मुदत मार्च २०१९. त्यानंतर सगळा भार राज्यावर. थकबाकीवरून २०१३ साली आपल्याकडे प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला आणि ७१ दिवसांच्या पगाराचं भांडण पुढे कोर्टात गेलं, ते याच व्यवहाराचं फळ. अर्थखात्यातल्या माणसाच्या डोक्याने विचार करा. कायम प्राध्यापक नेमला की तीसेक वर्षांची बांधिलकी. सीएचबी नेमला की नऊ महिन्यांची.

त्यामुळे संसदीय समितीला खरंच काही तपासायचं असेल तर हे तपासावं. केंद्र श्रेणी जाहीर करतं, तीन-चार वर्षं हातभार लावतं आणि बाजूला होतं. २०१३ च्या 'रुसा'त, म्हणजे राज्यांच्या उच्च शिक्षणाला निधी देणाऱ्या केंद्राच्या योजनेत, निधी हवा तर रिक्त पदं भरा अशी अट राज्यांना घातली होती. अट मोडणाऱ्या राज्याचं काय झालं? तिच्या जागी आलेल्या 'पीएम-उषा'चे १२,९२६ कोटी वाटताना ती अट विचारली का? हा प्रश्न अस्सल संसदेच्या अखत्यारीतला आहे.

लीड्सकर

इथे ब्रिटनमध्ये समितीचे अध्यक्ष खासदारांच्या मतदानाने निवडले जातात आणि साक्षी थेट प्रक्षेपित होतात. मंत्री आणि कुलगुरू घाम पुसताना दिसतात. आपल्याकडे समितीची बैठक बंद दाराआड आणि समितीची मुदत एक वर्ष. सदस्याला विषय कळेपर्यंत समिती बदलते. आधी एवढं बदला.

धोंडोपंत_नगरकर

आणि तरीही वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठाने जानेवारी २०२५ मध्ये ४०० पदं कमी करण्याचा प्रस्ताव आणलाच ना?

लीड्सकर

आणला. पण कार्डिफचा संबंध वेल्सच्या विधिमंडळाशी येतो. तिथल्या सदस्यांनी विद्यापीठाला समोर बसवून विचारलं आणि लोकांनी ते पाहिलं. पगार वाचतोच असं मी कुठे म्हटलं?

धोंडोपंत_नगरकर

बैठका खुल्या करा, मुदत वाढवा, याला माझी ना नाही. अहवालावर सहा महिन्यांत मंत्र्याने सभागृहात निवेदन करावं असा निर्देश २००४ पासून आहेच, तो तरी मनापासून पाळायला लावा. पण शिफारशीवर मतदान म्हणाल तर मी ठाम विरोधात आहे. आज समितीत सत्ताधारी आणि विरोधी खासदार एकमताने सही करतात, कारण तिथे पक्षादेश नसतो. मतदान ठेवलंत की पक्षादेश निघणार आणि सत्ताधारी सदस्य अहवाल लिहितानाच शब्द गिळायला लागणार. आत्ता रिकाम्या जागांचा आकडा निदान छापून तरी येतो.

संसदेला जे खरंच करायचं असतं ते ती कायद्याने करते. २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरक्षणासाठी विभाग हा घटक धरला, यूजीसीने २०१८ मध्ये तसं पत्र काढलं आणि राखीव जागा आटू लागल्या. भरती अडकली, आंदोलनं झाली. २०१९ मध्ये आधी अध्यादेश आणि मग कायदा करून संपूर्ण संस्था हा घटक पुन्हा ठरवला. शिफारशीने हे झालं असतं का?

नेटसेटवाला

कायदा झाला, बरोबर. आणि त्यानंतर राखीव जागांवर 'योग्य उमेदवार आढळला नाही' असा शेरा पडू लागला. तो कोणत्या कायद्याने पुसायचा? कपातसूचना म्हणतात तसं कारण विद्यापीठागणिक मागाच, पण पदागणिकही मागा. किती जण मुलाखतीला आले, किती जणांकडे पीएचडी होती, कोणाला का नाकारलं.

कपातसूचना

हे मी मूळ मागणीत घालतो. पक्षादेशाची भीती रास्त आहे, तरी मतदानाचा आग्रह सोडत नाही. पक्षादेशाखाली का होईना, आपल्या जिल्ह्यातल्या खासदाराने रिकाम्या जागा तशाच ठेवायला हात वर केला याची नोंद राहील. ताळेबंद, 'रुसा'च्या त्या अटीबद्दल माहिती अधिकारात अर्ज टाकायचा विचार आहे. मसुदा करायला मदत कराल का?

ताळेबंद

करतो. केंद्राला एक आणि राज्याला एक असे दोन अर्ज टाका. एकाच ठिकाणी टाकलात तर तो दुसरीकडे 'वर्ग' करून मोकळे होतील.